स्पिटबॉल

स्पिटबॉल : बेसबॉलमधील चेंडूफेकीचा एक बेकायदा प्रकार. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू चेंडूला थुंकी, घाम, व्हॅसलीन किंवा तत्सम बुळबुळीत पदार्थ लावून तो फेकतो. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये (व्यावसायिक बेसबॉलची सर्वोच्च स्पर्धा) यावर १९२० साली बंदी आली. त्याआधी हा प्रकार राजरोस चाले आणि बंदीनंतरही तो थांबला नाही, फक्त चोरून होऊ लागला. या चोरीतला सर्वांत नामांकित माणूस गेलॉर्ड पेरी. त्याच्या बावीस हंगामांच्या कारकिर्दीत ही बंदी मोडण्याच्या, मोडल्याची कबुली देण्याच्या आणि तरीही न सापडण्याच्या बहुतेक सगळ्या तऱ्हा पाहायला मिळतात. त्यामुळे प्रस्तुत नोंदीचा मोठा भाग त्याच्याच वाट्याला आला आहे.

फेकीचे तंत्र : बेसबॉलचा चेंडू साधारण १४२ ते १४९ ग्रॅम वजनाचा असून त्यावर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात. नेहमीच्या वेगवान फेकीत चेंडू सुटण्याच्या क्षणी पिचरची बोटे त्याच्या मागच्या बाजूवरून खाली ओढली जातात आणि तो उलटा गरगरत जातो. या फिरकीमुळे हवा त्याला थोडे उचलून धरते, म्हणून गुरुत्वाकर्षणाने जितका खाली यायला हवा तितका तो येत नाही. फलंदाजाच्या नजरेला याच मार्गाची सवय झालेली असते. स्पिटबॉलमध्ये तर्जनी आणि मधले बोट ओल्या भागावर ठेवतात. अंगठा मात्र कोरड्या बाजूला, पकड त्याचीच. फणसाची ओली आठळी चिमटीत दाबली की जशी सटकन निसटते, तसा चेंडू बोटांतून निसटतो. हाताचा वेग तोच असतो, पण फिरकी जवळपास नाहीशी होते. फलंदाजापर्यंतचे १८.४४ मीटर अंतर कापून जवळ येता येता चेंडू एकदम खाली बसतो आणि बॅट त्याच्यावरून हवेत फिरते.

तंत्र ऐकायला सोपे वाटते, प्रत्यक्षात ते हाताला बसायला फार वेळ लागतो. जास्त ओल झाली तर चेंडू कुठेही जातो, कमी झाली तर तो साधा चेंडू राहतो.

सुवर्णकाळ आणि बंदी : विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत स्पिटबॉल हे प्रतिष्ठित अस्त्र होते. न्यूयॉर्क हायलँडर्सच्या जॅक चेस्ब्रोने १९०४ मध्ये त्याच्या जोरावर एका हंगामात ४१ सामने जिंकले (बेसबॉलमध्ये संघाचा प्रत्येक विजय एका पिचरच्या नावे नोंदवतात). विसाव्या शतकापासूनच्या बेसबॉलमधला हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. मात्र त्याच हंगामाच्या शेवटच्या दिवशी, १० ऑक्टोबरला, बॉस्टनविरुद्ध नवव्या, म्हणजे एरवीच्या शेवटच्या, डावात त्याने फेकलेला एक चेंडू कॅचरच्या (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या) डोक्यावरून गेला आणि न्यूयॉर्कचे अजिंक्यपद हुकले. ४१ विजयांपेक्षा लोकांनी तो एक चेंडूच जास्त लक्षात ठेवला. शिकागो व्हाइट सॉक्सच्या एड वॉल्शने १९०८ मध्ये ४० सामने जिंकले, तेही मुख्यतः याच फेकीवर.

बंदीची कारणे दोन होती. एक म्हणजे किळस. तंबाखू चघळणाऱ्या पिचरच्या हातातला चेंडू काही डावांतच काळपट, चिकट होई. दुसरे कारण व्यवहाराचे होते. प्रेक्षकांना धावा हव्या होत्या आणि संघमालकांना प्रेक्षक. १९२० च्या फेब्रुवारीत बंदीचा नियम झाला. आधीपासून ज्यांची रोजीरोटी याच फेकीवर होती अशा १७ पिचरांना निवृत्तीपर्यंत सूट देण्यात आली. त्यांतला शेवटचा बर्ली ग्राइम्स १९३४ पर्यंत खेळला.

रे चॅपमनच्या मृत्यूमुळे ही बंदी आली असे पुष्कळदा सांगितले जाते. तारखा पाहिल्या तर ते टिकत नाही. क्लीव्हलंडच्या चॅपमनला न्यूयॉर्क यांकीज संघाचा पिचर कार्ल मेजचा चेंडू डोक्याला लागला तो १६ ऑगस्ट १९२० रोजी, म्हणजे बंदीनंतर सहा महिन्यांनी. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. या घटनेने बदलले ते वेगळेच : मळका चेंडू लगेच बाजूला काढून नवा घेण्याबाबत पंच काटेकोर झाले. मेज आधीच भांडखोर म्हणून बदनाम होता. पुढे २०० हून अधिक विजय नावावर असूनही कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधील थोरांच्या सन्मान-दालनात) त्याला कधी जागा मिळाली नाही. पेरीला मिळाली. मेजकडून घडला तो अपघात असावा, पेरीने केली ती ठरवून केलेली लबाडी. तरीही बेसबॉलने माफी कोणाला दिली हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

गेलॉर्ड पेरी : (१५ सप्टेंबर १९३८–१ डिसेंबर २०२२). जन्म नॉर्थ कॅरोलायनातील विल्यमस्टन येथे, तंबाखू आणि भुईमूग पिकवणाऱ्या शेतकरी कुटुंबात. थोरला भाऊ जिम हाही नामवंत पिचर. गेलॉर्डने १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून पदार्पण केले, पण पहिल्या दोन हंगामांत मिळून त्याच्या नावावर फक्त ४ विजय होते. तिसऱ्या वर्षी संघात त्याची जागा डळमळीत होती. त्याच सुमारास संघात आलेल्या बॉब शॉ या अनुभवी पिचरने त्याला स्पिटबॉल शिकवला.

३१ मे १९६४ रोजी न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध दिवसातला दुसरा सामना लांबत लांबत २३ डावांपर्यंत गेला. तो ७ तास २३ मिनिटे चालला. जायंट्सचे पिचर संपत आले तेव्हा तेराव्या डावात पेरीला पाठवण्यात आले. गमावण्यासारखे फारसे काही उरले नव्हते, म्हणून त्या रात्री त्याने शिकलेली विद्या पहिल्यांदा मनसोक्त वापरली आणि १० डावांत एकही धाव दिली नाही. जायंट्स जिंकले. हा तपशील त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवला.

तेथून चढण सुरू झाली. १९६६ मध्ये २१ विजय. १७ सप्टेंबर १९६८ रोजी सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध एकही हिट (चेंडू टोलवून फलंदाजाने सुखरूप बेस गाठणे) न देता १–० असा विजय, समोर बॉब गिब्सनसारखा पिचर असताना. १९७० मध्ये २३ विजय. त्याच वर्षी मेजर लीगच्या दोन विभागांपैकी (त्यांनाही लीगच म्हणतात) दुसऱ्या लीगमध्ये भाऊ जिमने सर्वोत्कृष्ट पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार पटकावला. मधल्या काळात, १९६८ पासून, टेकाडावर, म्हणजे चेंडू फेकण्याच्या उंचवट्यावर, उभ्या असलेल्या पिचरने तोंडाला बोट लावण्यास मनाई झाली. थुंकीची वाट बंद झाली तसा पेरी व्हॅसलीन आणि तत्सम मलमांकडे वळला. मीठ, मिरपूड आणि चॉकलेट सॉस सोडून सगळे काही चेंडूला लावून पाहिले, असे तो पुढे गमतीने सांगे.

याच काळातली एक आख्यायिका अमेरिकेत फार लोकप्रिय आहे. पेरी फलंदाज म्हणून अगदीच सुमार होता. हा होम रन (चेंडू मैदानाबाहेर टोलवून काढलेली धाव) मारण्याआधी माणूस चंद्रावर पोहोचेल, असे त्याचा मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, आल्विन डार्क म्हणाला होता म्हणतात. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चंद्रावर उतरल्यानंतर थोड्याच वेळात पेरीने कारकिर्दीतला पहिला होम रन मारला. होम रन आणि तारीख खरी आहे. भविष्यवाणीच्या शब्दांचे मात्र जितके सांगणारे तितके पाठ आढळतात.

१९७१ च्या नोव्हेंबरमध्ये जायंट्सने त्याला क्लीव्हलंडला देऊन बदल्यात चार वर्षांनी तरुण असलेला सॅम मॅकडॉवेल घेतला. सौदा पार अंगाशी आला. मॅकडॉवेलची कारकीर्द उतरणीला लागली आणि पेरीने पहिल्याच हंगामात २४ सामने जिंकून साय यंग पुरस्कार मिळवला. त्या वर्षी क्लीव्हलंडने जिंकलेल्या ७२ सामन्यांपैकी बरोबर एक तृतीयांश त्याच्या एकट्याच्या खात्यावर होते.

फेकण्याआधीचे त्याचे हातवारे ठरलेले असत. टोपीची कड, कान, केस, मान, बाही, पट्टा, पुन्हा टोपी. कॅचरने खूण केली की ही सगळी प्रदक्षिणा घालून मगच चेंडू सुटे. पंच येऊन टोपी काढायला लावत, मान पुसायला लावत, हाती काही लागत नसे. मलम नेहमी दोन ठिकाणी ठेवावे, म्हणजे पंचांनी एक पुसायला लावले तरी दुसरे शिल्लक राहते, असा त्याचा हिशेब होता. पण प्रत्येक चेंडू ओला नसे, आणि पेरीची खरी करामत तीच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तशी फलंदाजांची गत झाली होती. कोरडा चेंडू आला तरी तो पडेल या धास्तीने ते बॅट खाली फिरवत. मलमाने त्याला जितके बळी मिळवून दिले त्याहून अधिक मलमाच्या संशयाने दिले, असे त्याच्या कारकिर्दीकडे पाहताना वाटते. तो स्वतःही हा संशय विझू देत नसे. १९७४ मध्ये, ऐन भरात खेळत असताना, त्याने ‘मी अँड द स्पिटर’ नावाचे आत्मचरित्रच काढले. त्यात मागचे सगळे कबूल केले आणि आता आपण सुधारलो आहोत अशी ग्वाहीही दिली. त्या ग्वाहीवर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही, आणि कोणी ठेवावा अशी त्याची इच्छा होती असेही दिसत नाही. त्या हंगामात तो सलग १५ सामने जिंकला.

घसरण आली ती वेगळ्याच कारणाने. १९७५ मध्ये फ्रँक रॉबिन्सन क्लीव्हलंडचा मॅनेजर झाला. मेजर लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर. त्याचे आणि पेरीचे पटले नाही आणि जूनमध्ये पेरीची रवानगी टेक्सास रेंजर्सकडे झाली. तेथील वर्षे ठीकठाक गेली. म्हातारा झाला म्हणून टेक्सासने त्याला सॅन दिएगो पाद्रेसकडे सोपवले, तर १९७८ मध्ये त्याने २१ सामने जिंकून फक्त ६ गमावले. त्या वर्षीही साय यंग पुरस्कार मिळाल्याने दोन्ही लीगमध्ये तो मिळवणारा पेरी पहिला पिचर ठरला. हंगामाच्या मध्यावर तो ३९ वर्षांचा होता, संपताना ४०.

पुढे पुन्हा टेक्सास, मग यांकीज, मग अटलांटा. १९८१ संपले तेव्हा २९७ विजय झाले होते आणि अटलांटाने त्याला मोकळे केले. तीनशेच्या उंबरठ्यावरच्या या माणसाला सिॲटल मरिनर्सने घेतले. ६ मे १९८२ रोजी यांकीजला ७–३ असे हरवून तो ३०० विजयांचा टप्पा गाठणारा पंधरावा पिचर ठरला. गंमत अशी की एवढ्या वर्षांत चेंडूशी छेडछाड केल्याबद्दल त्याला एकदाही मैदानाबाहेर काढलेले नव्हते. ते घडले त्याच वर्षी २३ ऑगस्टला, बॉस्टनविरुद्ध, तो जवळजवळ ४४ वर्षांचा असताना. १० दिवसांचे निलंबन आणि २५० डॉलर दंड. १९८३ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सकडून खेळताना संघसहकारी जॉर्ज ब्रेटच्या बॅटवर नियमापेक्षा जास्त डांबर सापडले, तेव्हा ती वादग्रस्त बॅट पंचांच्या नजरेआड करण्याच्या धडपडीत सगळ्यांत पुढे पेरीच होता. दुसऱ्याच्या भानगडीतही तो मागे राहिला नाही. त्याच वर्षी तो निवृत्त झाला.

एकूण ३१४ विजय, २६५ पराभव, ३,५३४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), आठ संघ. वर्ल्ड सिरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) मात्र एकदाही वाट्याला आली नाही. निवृत्तीनंतर शेती केली, ती बुडाली आणि १९८६ मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली. नंतर साउथ कॅरोलायनातील गॅफनी येथील लाइमस्टोन कॉलेजात त्याने बेसबॉल शिकवले. हॉल ऑफ फेममध्ये निवड व्हायला तीन वेळा मतदान व्हावे लागले. १९९१ मध्ये ती झाली. त्याच्या सन्मानपट्टावर स्पिटबॉल हा शब्द नाही. टेकाडावरच्या हातवाऱ्यांनी तो फलंदाजांच्या मनाशी खेळत असे, एवढेच तिथे कोरले आहे.

क्रिकेटशी तुलना : भारतीय वाचकाला या प्रकरणात थोडे नवल वाटण्याचा संभव आहे, कारण क्रिकेटमध्ये थुंकीने चेंडू घासणे हा पिढ्यान्‌पिढ्या शिष्टसंमत उद्योग होता. हेतूही वेगळा. क्रिकेटमध्ये चेंडूची एक बाजू चकचकीत ठेवून तो स्विंग करायचा असतो, बोटांतून निसटवायचा नसतो. कोरोनाच्या साथीत, २०२० मध्ये, आयसीसीने थुंकीवर तात्पुरती बंदी घातली आणि २०२२ मध्ये ती कायम केली. बीसीसीआयने २०२५ च्या आयपीएलपुरती ती उठवली. व्हॅसलीनचा वाद मात्र आपल्याकडेही झालेला आहे. जानेवारी १९७७ मधील मद्रास कसोटीत इंग्लंडच्या जॉन लिव्हरने कपाळाला व्हॅसलीन लावलेली पट्टी बांधली होती. भारताचा कर्णधार बिशनसिंग बेदी याने त्यावर जाहीर आक्षेप घेतला. घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून पट्टी लावली, असा इंग्लंडचा खुलासा होता आणि लिव्हर दोषमुक्त ठरला.

सद्यःस्थिती : पेरीनंतर ओल्या चेंडूचे चलन कमी झाले. चेंडू खरवडण्याचे प्रकार चालू राहिले. १९८७ मध्ये जो नीक्रो या पिचरने पंचांसमोर खिसे उलटे केले, तेव्हा नखे घासायची पट्टी उडून जमिनीवर पडली आणि त्याला १० दिवस बाहेर बसावे लागले. अलीकडची तक्रार तर स्पिटबॉलच्या नेमकी उलट आहे. आताचे पिचर बुळबुळीत नव्हे, चिकट पदार्थ वापरतात, कारण त्यांना फिरकी कमी नव्हे, जास्त हवी असते. २१ जून २०२१ पासून मेजर लीगमध्ये पंच सामन्यादरम्यान पिचरांची टोपी, हातमोजा आणि पट्टा तपासू लागले. या तपासणीत बाहेर काढला गेलेला पहिला पिचर हेक्टर सांतियागो, सिॲटलचाच.