भयपटाचा ट्रेलर करताय? शूटिंगच्या आधी हे वाचा

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी भयपट करणारे बहुतेक गट आमच्याकडे एडिटिंग आणि छपाईसाठी शूटिंग उरकल्यावर येतात. फिल्म झाली, आता त्यातूनच दीड मिनिटाचा ट्रेलर आणि एक पोस्टर काढून द्या, म्हणतात. काढता येतं, पण मग हाती असेल त्यावरच भागवावं लागतं. ट्रेलर, पोस्टर आणि रीलसाठी लागणारे शॉट आधीच शॉटलिस्टमध्ये, म्हणजे काय काय शूट करायचं त्या यादीत, लिहून ठेवलेत, तर पैसे आणि जागरण दोन्ही वाचतात.

पोस्टरचंच बघा. फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची. ३०० डीपीआयला, म्हणजे छपाईत एका इंचात ३०० ठिपके धरले तर, ती जेमतेम १६ बाय ९ सेंटिमीटर छापली जाते, आणि ए३ पोस्टर असतं २९.७ बाय ४२. ताणून मोठी केली की भुताचा नुसता धुरकट ठिपका उरतो. म्हणून सेटवरच, त्याच लाइटमध्ये आणि मेकअपमध्ये, स्टिल कॅमेऱ्यानं थोडे उभे फोटो काढून घ्या. नावासाठी वर मोकळी जागा सोडा. मोबाइलवर झकास दिसणारा अंधार कागदावर काळाठिक्कर होतो, त्यामुळे आधी एक ए४ प्रूफ, म्हणजे नमुना प्रत, काढून बघाच.

रक्त ओघळणारा फॉन्ट हवाच असेल तर त्यात जोडाक्षरं नीट येतात का, ते तपासा. फुकट उतरवलेल्या फॉन्टात 'रात्र'मधला 'त्र' तुटून पाय मोडका 'त' आणि पुढे सुटा 'र' उमटतो, मग कोण घाबरणार? फाइल देताना अक्षरं आउटलाइन करा, म्हणजे फॉन्टऐवजी आकारांत बदला, आणि चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा जागा, ठेवा.

अंधार दाखवायचा म्हणजे लाइट बंद करायचे, असं नाही. कमी उजेडात कॅमेऱ्याचा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) चढतो, काळ्या भागात दाणे नाचायला लागतात, आणि एडिटिंगमध्ये ते पूर्ण जात नाहीत. चेहऱ्याच्या एका बाजूला चांगला उजेड द्या. बाकीचा काळोख एडिटिंगमध्ये रंग-उजेड जुळवताना आम्ही वाढवू. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवा, नाहीतर पडद्यावर पट्टे सरकतात.

वाडा, विहीर, पांढरी साडी, मोकळे केस दर वर्षी येतात. आमची ना नाही. फक्त त्या साडीतल्या भुताचा चेहरा ट्रेलरमध्ये दाखवू नका, आणि खरी मेहनत आवाजावर घ्या. दार करकरण्याआधीची शांतता म्हणजे आवाज शून्यावर नेणं नव्हे. तसं केलं की लोक स्पीकरकडे बघतात. प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करा: पंखा, रातकिडे, लांबून जाणारी गाडी. हाड मोडल्याचा आवाज हवाय? काकडी माइकजवळ धरून मोडा, किंचित पिळत. महागड्या इफेक्टपेक्षा तो आम्हाला जास्त आवडतो. यूट्यूबवरून उचललेलं पार्श्वसंगीत मात्र नको, अपलोड केल्याबरोबर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो.

रीलसाठी १०८० बाय १९२० असा उभा कट वेगळा करावा लागतो, म्हणून महत्त्वाची गोष्ट फ्रेमच्या मधोमध ठेवा.

१९९९ साली 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' या भयपटाच्या प्रचारात पात्रं बेपत्ता असल्याची पत्रकं वाटली होती. ती कल्पना घेऊन अजूनही कोणीतरी येतंच. कॉलेजच्या आवारात, परवानगी घेऊन आणि फिल्मचं नाव ठळक छापून करायचं असेल तर आनंदानं करून देऊ. गावभर लावायला खरी वाटतील अशी 'हरवली आहे' पत्रकं आम्ही छापत नाही. शिवाय परवानगीशिवाय दिसेल त्या भिंतीवर पोस्टर चिकटवाल, तर महाराष्ट्रात त्यासाठी १९९५ चा मालमत्ता विरूपण प्रतिबंध कायदा आहे.

शॉटलिस्ट घेऊन शूटिंगच्या आधी एकदा या, त्या बैठकीचे पैसे घेत नाही. नंतर फुटेज आणाल ते कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलींसह हार्डडिस्कवर आणा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेले व्हिडिओ आम्ही एडिटिंगला घेत नाही.