अनुकूलन, संघटनात्मक

भोवतालच्या बदलाची चाहूल घेऊन आपली कार्यपद्धती, साधने आणि प्रसंगी उद्दिष्टेही बदलण्याची संस्थेची क्षमता. चाहूल घेणे, संधी साधणे आणि फेररचना करणे ही तिची तीन अंगे डेव्हिड टीस यांनी २००७ मध्ये मांडली. त्याआधी १९७५ मध्ये इगॉर अॅन्सॉफ यांनी क्षीण संकेतांकडे, म्हणजे येऊ घातलेल्या बदलाच्या अस्पष्ट खुणांकडे, लक्ष वेधले होते: संकेत स्पष्ट होईपर्यंत थांबणाऱ्या संस्थेच्या हाती फारसा वेळ उरत नाही.

सांगलीत चाहूल घेण्याचे एक साधन सर्वांच्या परिचयाचे आहे. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटांत मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात ‘पाणी किती फुटांवर?’ या प्रश्नावर पेठेतला माल हलतो. मात्र मोजपट्टी केवळ पातळी सांगते. माल मुळात कोठे ठेवावा, हे ती सांगत नाही.

हरिपूरच्या पेवांचे उदाहरण येथे बोलके आहे. कृष्णा-वारणा संगमावरील या गावात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. तोंड मातीने लिंपून बंद केल्यावर आत हवा खेळत नसे, त्यामुळे कीड लागत नसे आणि हळदीचा रंगही टिकून राहत असे. पेव उघडल्यावर आतली कोंदट हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नसे. ही पद्धत मागासलेली मुळीच नव्हती, आणि अडचण नेमकी तिच्या यशातच होती. हातच्या कौशल्याचा पुरेपूर वापर आणि नव्याचा शोध यांत संस्थेची ओढाताण होते, असे जेम्स मार्च यांनी १९९१ मध्ये दाखवले; पहिल्याचा लाभ तत्काळ मिळत असल्याने दुसरे मागे पडते. २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरून हळदीचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर व्यापारी गोदामे व शीतगृहांकडे वळले.

क्रिस आर्गिरिस व डोनाल्ड शॉन यांच्या परिभाषेत, पेवाचे तोंड अधिक घट्ट लिंपणे हे एकपदरी शिक्षण, म्हणजे पद्धत तीच ठेवून चूक सुधारणे. माल जमिनीखाली ठेवावा का, असे विचारणे हे दुपदरी, म्हणजे पद्धतीमागची गृहीतेच तपासणे. गोदामाकडे वळणे हे दुसऱ्या प्रकारात मोडते, तरी तेथेही नवी सवय जडते. २००५ च्या पुराची खूण कमाल मानून अनेकांनी सामान तिच्यावर चढवून ठेवले होते. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले.