तोंडी कल्पना

बदली, कामाची फेरवाटणी किंवा चुकीबद्दलची विचारणा कागदावर येण्यापूर्वी संबंधित माणसाला समोर बसवून सांगण्याची कार्यालयीन रीत. नियमपुस्तकात तिची नोंद नसते. ती पाळली गेली नाही की मात्र तिचे नाव निघते : ‘निदान तोंडी कल्पना तरी द्यायची होती, साहेब.’

नाशिकच्या उच्च शिक्षण क्षेत्रात या रीतीची गरज वारंवार पडते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला आहे, तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला. दोन्ही आपापल्या स्वतंत्र अधिनियमांनी चालतात आणि दोघांचेही कार्यक्षेत्र राज्यभर आहे. शहरातली जुनी कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालये मात्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असून त्यांना २०१६चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम लागू आहे. कायदे तीन असले तरी कार्यालयीन भाषा एकच : टिपणी, परिपत्रक, ज्ञापन, खुलासा.

ही भाषा मुळात कागदाची आहे. कक्षातला लिपिक एका टेबलावर वर्षानुवर्षे काम करतो आणि एका सकाळी शिपाई आदेश आणून सही घेतो. आदेशात ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढेच लिहिलेले असते. खरे कारण नवी संगणक प्रणाली असेल किंवा कुणाची निवृत्ती. पण ते न सांगितल्यामुळे माणूस आपली चूक शोधत बसतो आणि इतर जण ती त्याच्यासाठी शोधून देतात. ‘कारणे दाखवा’ नोटिशीचेही तसेच. ती हातात पडल्यावर मिळणारा खुलासा बचावाचा असतो. त्याआधी ‘काय अडचण झाली?’ असे विचारले असते तर बहुधा खरी हकीकत कळली असती. गंभीर गैरवर्तनात नोटीस टाळता येत नाही. रोजच्या कामात मात्र तिने सुरुवात करणे हा आळस आहे.

सर्वांत अवघड बोलणे तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणाऱ्या, अध्यापकाशी होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार श्रेयांकांची (क्रेडिटची) मांडणी बदलली, ती २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही आली आणि विषयवार कार्यभार नव्याने मोजावा लागला. तास घटले की त्या अध्यापकाची नेमणूकच राहत नाही. विभागप्रमुखाच्या हातात फारसे काही नसते आणि हे अध्यापकालाही ठाऊक असते. अशा वेळी ‘बघू, काहीतरी करू’ हे वाक्य दयाळू वाटते, पण त्या आशेवर माणूस दुसरीकडची मुलाखत सोडतो. किती तास निश्चित आहेत, किती नाहीत आणि कधीपर्यंत कळेल, हे आकड्यांत सांगणे हीच इथली माणुसकी.

अनुदानित पदांवरही एक जुनी खोच आहे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी आणि नंतर लागलेल्यांची निवृत्तिवेतन व्यवस्था वेगळी असल्याने शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघांपैकी नंतर लागलेल्याला ‘जरा जास्तीचं बघा’ म्हटले की बोलणे कामावर राहत नाही. तो सल आधी मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

संबोधनावरूनही बरेच ठरते. एरवी ‘अरे’ म्हणणारे वरिष्ठ अचानक ‘आपण’वर आले की समोरचा सावध होतो. वयाने मोठ्या लिपिकाला ‘भाऊसाहेब’ म्हणण्याची सवय असेल, तर चूक दाखवतानाही ती सुटू नये. आणि हे सगळे दार लावून, एकट्याशी. चहाच्या टपरीवर किंवा कक्षाच्या व्हॉट्सॲप गटावर नाही.

एका बाबतीत ही रीत वर्ज्य आहे. लैंगिक छळाची तक्रार केबिनमध्ये ‘आपसात मिटवा’ म्हणून हाताळता येत नाही. २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, चौकशी ९० दिवसांत पुरी करायची असते आणि समेट केवळ पीडित महिलेच्या विनंतीवरूनच होतो. त्यातही पैशांची तडजोड चालत नाही.

तोंडी सांगितलेले नंतर नाकारले जाऊ नये म्हणून ठरलेल्या गोष्टी त्याच दिवशी दोन ओळींत लिहून दोघांकडे ठेवतात. बदलीत पदभार हस्तांतरण यादीही होते. तिच्यात नस्त्या, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या असतात; कोणत्या केंद्रावर कुणाला फोन केला की काम होते, हे नसते. जाणाऱ्या माणसाला ते विचारावे आणि नव्याला त्याच्या शेजारी आठवडाभर बसवावे.