भेग बुजवली की वाढते

नाशिकमध्ये रविवार कारंज्याजवळच्या एका जुन्या वाड्यात माळ्यावरून लाकडी डुलता घोडा उतरवला, तेव्हा आजींची मागणी सरळ होती: पणतवाच्या वाढदिवसाला तो नवाकोरा दिसला पाहिजे. मिस्त्री पॉलिशपेपर आणि लांबीचा, म्हणजे भेगा बुजवायच्या लगद्याचा, डबा घेऊनच आले होते. घोड्याच्या पोटाला वीतभर भेग. महिना मे, हवा कोरडी ठणठणीत. "लांबी भरतो, वरून ऑइलपेंट मारतो, परवा घोडा तयार." मी त्यांना थांबवलं. त्याबद्दल आजी अजून माझ्यावर थोड्या रुसलेल्या आहेत.

घोडा देवळालीच्या छावणीतून आला, असं घरात सांगतात. कधी, ते कोणालाच आठवत नाही. पण त्याची बैठक थोडं बोलते. जुन्या पद्धतीचे घोडे धनुष्यासारख्या वाकलेल्या पट्ट्यांवर डुलत आणि पोरांसकट पालथे होत. हा मात्र जमिनीवर स्थिर असलेल्या चौकटीला लोखंडी सळ्यांनी टांगलेला आहे. ही रचना अमेरिकेत सिनसिनाटीच्या फिलिप मार्क्वा यांनी १८८० मध्ये पेटंट केली. म्हणजे घोडा त्याहून जुना नसावा.

पोटावर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. परदेशातल्या जत्रांमधल्या चक्राचे घोडेही असेच करत: फळ्या सरसाने (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनच्या गोंदाने) जोडून खोका बांधायचा, मग तो कोरायचा. अख्ख्या ओंडक्यातला घोडा जड होतो आणि वाळताना फुटतो, कारण लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. सागच घ्या. ओला साग पूर्ण वाळला की वाढीच्या वलयांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आकसतो, वलयांना आडवा २.५ टक्के, आणि तंतूंच्या दिशेने, म्हणजे उभा, जवळजवळ नाहीच.

वाळलेलं लाकूडही गप्प बसत नाही. हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात सुमारे ६ टक्के पाणी उरतं. ८० टक्के झाली की सुमारे १६. नाशिकचा उन्हाळा आणि श्रावण यांत एवढा फरक सहज पडतो. २० सेंटिमीटर रुंदीची सागाची फळी तेवढ्यात तीन-साडेतीन मिलिमीटर फुगू शकते. आता मे महिन्यात भेगेत कडक लांबी ठासली, तर श्रावणात फुगणाऱ्या लाकडाला जागाच उरत नाही. त्याचे तंतू लांबीवर दाबून चेपतात आणि चेपलेले तंतू पुन्हा उमलत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं ते आधीपेक्षा जास्त, आणि भेग रुंद होते. मग आणखी लांबी.

पॉलिशपेपरचं प्रकरण याहून गंभीर. अशा घोड्यांवर रंगाखाली खडूची पूड आणि सरस यांचा पांढरा थर असतो. वरच्या जुन्या तैलरंगात शिसं असण्याची दाट शक्यता. घासलं की शिशाची धूळ घरभर, पणतवाच्या नाकातोंडातही. (आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग आहे, पण तो नियम २०१६ चा.) शिवाय घोड्याच्या अंगावरचे मूळचे करडे ठिपके नंतरच्या रंगांखाली शाबूत असू शकतात. म्हणून जाणकार आधी पोटाखाली नखाएवढी जागा थर-थर उघडून बघतात.

मागच्या पायाला बारीक भोकं होती. भोक म्हणजे भुंगेरा आत शिरल्याची नव्हे, बाहेर पडल्याची खूण. पोखरायचं काम अळीने आधीच उरकलेलं असतं. ताजी फिकट पिठी गळत असेल तरच आत वस्ती आहे असं समजावं. शेजारच्या बागायतदारांनी द्राक्षांच्या शीतगृहात ठेवायचं सुचवलं. कल्पना झकास, पण तिथलं तापमान शून्याच्या आसपास. किडे नुसते सुस्तावतील. मारायला उणे २० अंश आणि आठवडा-दोन आठवडे लागतात. रंगवलेल्या वस्तूला त्यापेक्षा हवाबंद पिशवी बरी: लोखंडाच्या भुकटीच्या पुड्या गंजताना आतला ऑक्सिजन शोषतात आणि तीनेक आठवड्यांत अळ्या गुदमरतात.

सुटलेला कान मिस्त्रींनीच चिकटवला, गरम सरसाने. बाजारच्या पांढऱ्या गोंदावर त्यांचा जास्त भरवसा होता, पण सरस ऊब आणि ओलावा दिला की पुन्हा सुटतो; पुढच्या दुरुस्तीत लाकूड तोडावं लागत नाही. हे ऐकल्यावर म्हणाले, "आमचे वडील हाच वापरायचे."

भेग तशीच आहे. घोडा आता मधल्या खोलीत, ओल येणाऱ्या भिंतीपासून हातभर लांब उभा असतो. मे महिन्यात आजींनी भेगेत एक जुनं पोस्टकार्ड सरकवून पाहिलं होतं, आरामात गेलं. परवा पावसात पुन्हा पाहिलं, तर अडलं.