कवितेतील ‘मी’

कवितेत जो बोलतो त्याला कवितेतील ‘मी’ किंवा निवेदक म्हणतात. तो कवीच असतो असे नाही. छोट्या कवितेचा अर्थ लावताना आधी हा बोलणारा ठरवावा. तो चुकला की पुढचे सगळे रसग्रहण चुकते.

सोलापुरात याचे दाखले जवळच आहेत. १२व्या शतकातील संत सिद्धरामेश्वरांच्या कन्नड वचनांत, म्हणजे छोट्या भक्तिरचनांत, ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ ही मुद्रा, म्हणजे सहीसारखी येणारी नावाची खूण येते. ते नाव बोलणाऱ्याचे नाही, ज्याला आळवले त्या देवाचे आहे. अभंगातल्या ‘तुका म्हणे’मध्ये मात्र तुका हा रचणारा. गौळणीत तीही खूण पुरत नाही, कारण मुद्रा संताची आणि बोलणारी गोपी. सोलापूरचे शाहीर राम जोशी यांनी गाजवलेल्या लावणी या प्रकारातही रचणारा पुरुष, बोलणारी स्त्री हे नेहमीचेच.

नमुन्यासाठी रचलेली ही ओवी:

सोलापूरची चादर, बंधवानं गं धाडली
कशी पांघरू एकली, सासूबाई काकडली

आधी दोनदा मोठ्याने वाचावी, मग क्रियापदांची रूपे तपासावीत. ‘धाडली’ हे रूप चादरीमुळे, ‘काकडली’ सासूमुळे. विद्यार्थी यांवरूनच ‘बोलणारी स्त्री’ असे लिहून मोकळे होतात. उत्तर बरोबर येते, कारण चुकते. ‘कशी’सुद्धा चादरीशी जुळते. खरा पुरावा ‘एकली’ या एकाच शब्दात आहे, कारण तो बोलणाऱ्या व्यक्तीविषयी आहे. ‘गं’वरून ऐकणारी बाई आहे एवढे कळते, ‘धाडली’वरून भाऊ लांब आहे आणि सासू शेजारी, म्हणजे ही सासरी आहे.

मग प्रश्न उरतो, चादर एकटीने न पांघरण्यामागे सुनेची माया की सासूचा धाक? सासुरवासाच्या ओव्या कानांवर असल्याने पुष्कळजण धाक म्हणतात. पण ओवीत सासू रागावत नाही, काही बोलतही नाही. ती फक्त थंडीने काकडली आहे, आणि ते सुनेच्या नजरेला पडले आहे. त्यामुळे मायेचा अर्थ जास्त पटतो. बाहेरचे ठाऊक असलेले कवितेत भरणे, ही अर्थ लावण्यातली सर्वांत मोठी चूक.

आपला अर्थ ताडून पाहायचा तर एक अक्षर बदलावे. ‘एकली’च्या जागी ‘एकला’ ठेवले की बोलणारा सासरी राहणारा जावई होतो, सासू बायकोची आई ठरते आणि ‘गं’ बहुधा बायकोला म्हटलेले.