चेरीचं लाकूड

फर्निचरवाले नुसतं चेरी म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ती अमेरिकेतली ब्लॅक चेरी असते, शास्त्रीय नाव प्रुनस सेरोटिना, गुलाबाच्या कुळातलं झाड. पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलेघेनी पठारावरचा माल सगळ्यात भारी मानतात. युरोपात प्रुनस एव्हियम वापरतात, म्हणजे खायची गोड चेरी येते तेच झाड (आपल्याकडे केकवर बसलेली लाल चेरी बरेचदा पाकातलं करवंद असतं, तो विषय वेगळा).

गोव्यात हे झाड होत नाही, त्यामुळे येतं ते बाहेरून, फळ्या नाहीतर व्हिनियर, म्हणजे प्लायवूडवर चिकटवायचा लाकडाचा पातळ पापुद्रा. म्हापसा-मडगावला प्लायवूडच्या दुकानात चेरी दाखवा म्हटलं तर बहुतेक सनमायकाचा शेड पुढे येतो, त्याचा या लाकडाशी काही संबंध नाही. जुनी परंपराही नाही, इथल्या जुन्या घरांतल्या वेताने विणलेल्या खुर्च्या आणि कपाटं शिसवाची नाहीतर सागवानाची. अमेरिकेत मात्र 18व्या शतकापासून महोगनीऐवजी चेरी वापरायचे, तिथल्या शेकर या ख्रिस्ती पंथाच्या साध्या टेबल-खुर्च्यांमुळे तर ती फारच गाजली.

खरी मजा रंगाची. ताजी रंधलेली फळी फिकट गुलाबी दिसते आणि उजेड लागला की काही महिन्यांत लालसर तपकिरी होत जाते, आपला पिवळाधमक फणस जसा वर्षांनी काळवंडतो तसंच, म्हणून फणसाच्या लाकडात काम केलेल्या मेस्ताला, म्हणजे सुताराला, हे फार समजवावं लागत नाही. नवीन टेबलावर फुलदाणी एकाच जागी ठेवली तर खाली फिकट गोल उरतो, तेव्हा सुरुवातीला वस्तू हलवत राहायच्या. लोकांना धीर नसतो, लगेच गडद करायला स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, मारतात आणि चेरी तो सारखा शोषत नाही, डागडाग दिसतात. माझ्या मते स्टेन मारायचाच असेल तर चेरीवर पैसे घालवू नयेत. जवसाचं तेल किंवा लाखेचं पॉलिश बास.

कामाला गोड लाकूड. जान्का कडकपणा (लाकडात पोलादी गोळी रुतवायला किती जोर लागतो ते माप) 950 पाउंड-फोर्स, सागवानापेक्षा थोडा कमी, वजन घनमीटरला साधारण 560 किलो, रंधा आणि पटाशी छान चालते. फक्त करवत बोथट असली किंवा राउटर (खाचा-कडा कोरायचं मशीन) एका जागी थांबला की लगेच जळतं, आणि तो काळा डाग पॉलिश पेपरने घासून घासून हात दुखतात. मधेमधे बारीक काळ्या रेघा दिसतात तो डिंक, तो दोष धरायचा नाही.

गोव्यात प्रॉब्लेम हवेचा. भट्टीत वाळवून आलेल्या फळीत ओल 6 ते 8 टक्के असते आणि इथला पावसाळा ती वाढवणारच, 8 वरून 14 टक्क्यांवर गेली तर 300 मिलिमीटर रुंद फळी साधारण 4 मिलिमीटर फुगते. म्हणून माल आणल्यावर काही आठवडे घरातच पट्ट्या घालून रचून ठेवायचा, टेबलाचा टॉप गच्च स्क्रूने न आवळता लांबट भोकं पाडून बसवायचा, आणि ड्रॉवर उन्हाळ्यात बनवत असाल तर फट जरा जास्तच सोडायची, नाहीतर जुलैत उघडणार नाही. गाभा कुजायला तसा चिवट आहे पण कडेच्या पांढरट भागाला कीड लागते, तो काढून टाकलेला बरा. बलकांवातल्या, म्हणजे घरापुढच्या उघड्या व्हरांड्यातल्या, बाकाला चेरी नको, ऊन-पावसात तो रंग टिकत नाही, तिथे सागवानच घ्या.