निकालाची प्रमाणित नक्कल : अर्ज कोठे करावा आणि अपिलाची मुदत कशी मोजावी

दाव्याचा निकाल विरुद्ध लागल्यानंतर अपिलाची मुदत पुष्कळदा प्रमाणित नक्कल, म्हणजे न्यायालयाच्या शिक्का-सहीची अधिकृत प्रत, मागण्यातील दिरंगाईतच संपून जाते. नक्कल मिळणे हा पक्षकाराचा हक्क आहे आणि अर्जही अवघ्या एका पानाचा असतो. तरीही अर्ज परत येतात किंवा नक्कल हाती पडेपर्यंत उशीर झालेला असतो. याची कारणे ठरावीक आहेत.

पहिली अडचण न्यायालय ओळखण्याची. महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणी साधारणपणे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांचे न्यायालय असते, त्यावर दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर, जिल्ह्याच्या शिरोभागी जिल्हा व सत्र न्यायालय आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालय. ज्या न्यायालयाने निकाल दिला तेथेच नक्कल मागायची, हा साधा नियम. परंतु त्या निकालाविरुद्ध कोणी आधीच अपील केले असेल, तर मूळ संचिका वरिष्ठ न्यायालयाने मागवून घेतलेली असू शकते, आणि जुने प्रकरण असेल तर ती अभिलेख कक्षात गेलेली असते. अशा वेळी खिडकीवर ‘रेकॉर्ड येथे नाही’ एवढेच उत्तर मिळते. ते कोठे आहे हे सांगण्याची तसदी घेतली जात नाही, याची खंत वाटते. म्हणून अर्जापूर्वी ई-कोर्ट्स संकेतस्थळावर सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून प्रकरणाची सद्यःस्थिती पाहून घ्यावी. तेथून उतरवून घेतलेला निकाल वाचण्यास उपयोगी असतो, पण तो प्रमाणित नक्कल नव्हे.

अर्जात न्यायालयाचे नाव, दाव्याचा प्रकार, क्रमांक व वर्ष, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख आणि हवे असलेले कागद लिहावेत. नियमित दिवाणी दावा आणि विशेष दिवाणी दावा यांचे क्रमांक वेगवेगळे चालतात. प्रकार चुकला की भलतीच संचिका शोधली जाते. ‘सर्व कागदपत्रे’ असे मोघम लिहू नये. निकालपत्र, हुकूमनामा (निकालावरून तयार होणारा औपचारिक आदेश, डिक्री), अमुक निशाणीचा (दाखल कागदावरील क्रमांकाचा) दस्त असे नेमके मागावे. अर्जाला न्यायालय शुल्क मुद्रांक लावावा आणि वकिलामार्फत अर्ज असल्यास वकीलपत्र दाखल असल्याची खात्री करावी. मूळ पक्षकार मयत असेल तर वारसाने मृत्यूचा दाखला आणि नाते दाखवणारा कागद जोडावा. दाव्यात पक्षकार नसलेल्याने नक्कल कशासाठी हवी ते प्रतिज्ञापत्रावर स्पष्ट लिहावे. कारण नसलेला त्रयस्थाचा अर्ज सहसा टिकत नाही.

आता मुदतीविषयी, कारण सर्वाधिक नुकसान येथेच होते. मुदत अधिनियम, 1963 नुसार दिवाणी अपील जिल्हा न्यायालयात करायचे असल्यास 30 दिवस आणि उच्च न्यायालयात करायचे असल्यास 90 दिवस मिळतात. त्याच अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे निकालाचा दिवस आणि नक्कल मिळण्यासाठी लागलेला आवश्यक काळ वगळला जातो. समजा, निकाल 1 मार्चला लागला, तर 30 दिवस 31 मार्चला पूर्ण होतात. नकलेचा अर्ज 11 मार्चला दिला आणि नक्कल 20 मार्चला तयार झाली, तर ते 10 दिवस वगळून शेवटची तारीख 10 एप्रिल येते. तयार नक्कल 28 मार्चला उचलली तरी तारीख 10 एप्रिलच राहते, कारण तयार झाल्यानंतरचा विलंब अर्जदाराचा असतो. नकलेचे शुल्क भरण्यास अर्जदाराने लावलेला उशीरही त्याच्याच खाती पडतो. आणि अर्जच 5 एप्रिलला दिला, तर मुदत आधीच संपलेली असल्याने काहीही वगळले जात नाही.

‘हुकूमनामा तयार झाला की नक्कल मागू’ हा सल्ला फार घातक आहे. कलम 12 च्या स्पष्टीकरणानुसार, नकलेचा अर्ज देण्यापूर्वी हुकूमनामा तयार करण्यात न्यायालयाने घेतलेला वेळ वगळला जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेने हुकूमनामा 15 दिवसांत तयार करण्यास सांगितले आहे आणि तो तयार नसला तरी निकालपत्राच्या आधारे अपील दाखल करण्याची मुभाही दिली आहे. म्हणून निकालाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच अर्ज द्यावा. सुटीबाबतही असाच गैरसमज आहे. मुदतीचा शेवटचा दिवस सुटीत आला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी अपील चालते, पण सुटीचे सगळे दिवस मुदतीतून वजा होत नाहीत.

फौजदारी प्रकरणात कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत तत्काळ आणि विनामूल्य देणे बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 404 मध्ये ही तरतूद आहे. तुरुंगात गेलेल्या माणसाच्या घरच्यांना हे ठाऊक नसते आणि ते पैसे गोळा करत बसतात. शिक्षेविरुद्धच्या अपिलाला सत्र न्यायालयात 30 दिवस आणि, फाशीची शिक्षा वगळता, उच्च न्यायालयात 60 दिवस असतात.

नक्कल हाती येताच खिडकीपासून दूर जाण्यापूर्वी तिच्यावरील शिक्का, सही, अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख तपासावी. तयार झाल्याची तारीख चुकीची पडली असेल तर त्याच वेळी दुरुस्ती मागावी. तरीही मुदत उलटली असेल, तर अपिलासोबत मुदत अधिनियमाच्या कलम 5 खाली विलंब माफीचा अर्ज द्यावा आणि त्यात आजारपणाचे कागद, नकलेच्या अर्जाची पोच, शुल्काची पावती असा प्रत्यक्ष पुरावा जोडावा; केवळ ‘अपरिहार्य कारणास्तव’ असे लिहिलेल्या अर्जाला विरुद्ध बाजू हरकत घेते आणि न्यायालयापुढे त्या विलंबाचा खुलासा करण्यासाठी काहीच उरत नाही.